बेटकर आणि बारा नंबरची बस

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते उद्यान खात्याच्या हजेरीपटापुरतं. बाकी सगळ्या शहराला तो बेटकर. चार रस्ते मिळतात तिथल्या गोल बागेत तो अकरा वर्षं माळी होता. कागदावर त्या बागेचं नाव ‘वाहतूक बेट’, लोकांच्या तोंडी ‘सर्कल’, आणि बेटावर राहणारा म्हणून हा बेटकर. राहणारा म्हणजे अगदी राहणाराच. पहाटे साडेपाचला आत जायचा तो दुपारी दोनपर्यंत तिथून हलायची सोय नव्हती.

कारण आत जायला वाटच नव्हती. रस्ते खात्याने सर्कलभोवती छातीएवढा लोखंडी कठडा बसवला आणि त्याला फाटक ठेवलं नाही. त्यांच्या नकाशावर रस्ता होता आणि रस्त्याच्या मधला भाग कोरा होता. कोऱ्या भागात कोण कशाला जाईल? उद्यान खात्याच्या नकाशावर त्याच जागी हिरवा ठिपका होता. पण ठिपक्यापर्यंत माळी जाणार कसा, हा प्रश्न रस्त्याचा झाला, म्हणजे त्यांचा नाहीच. मी कॉलेजात तीन वर्षं भूगोल शिकले. नद्या झाल्या, खडक झाले, वारे झाले. जागा ही काही खडकासारखी आयती पडलेली नसते, माणसं ती घडवतात, आखतात, अडवतात आणि एकमेकांच्या नकळत बदलून टाकतात, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते मला बारा नंबरच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर बसून कळलं. धाकट्या बहिणीकडे पत्ते खेळायला मी रोज त्याच बसने जाते. ती लबाडी करते, तरी जाते.

तर बेटकर पहाटे, रस्ते रिकामे असताना, बगलेत स्टूल मारून यायचा. स्टूल कठड्याला टेकवायचा, वर चढायचा, आत उतरायचा आणि स्टूल आत ओढून घ्यायचा. दुपारी पाण्याचा टँकर आला की त्याच्या आडोशाने बाहेर. मधल्या आठ-साडेआठ तासांत चहूकडून गाड्या फिरतायत आणि मध्ये हा एकटा, खुरपं घेऊन उकिडवा बसलेला.

ही शिक्षा होती, हे त्याला स्वतःला फार उशिरा कळलं. आधी तो मोठ्या बागेत होता. तिथे ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी होती आणि पाटीच्या बरोबर खालून कारखान्यातल्या बायकांची ये-जा होती. सुट्टी झाली की कारखान्याच्या दारातून बसथांब्याकडे सरळ तिरकं कापत जायच्या. गवतात तपकिरी रेघ पडली होती. इतर माळ्यांनी तिथे काटे टाकून पाहिले, तारा बांधून पाहिल्या. याने एका रविवारी त्या रेघेवर विटा बसवल्या, दोन्ही बाजूंनी झेंडू लावला आणि पाटी उपटून औजारांच्या खोलीत ठेवली.

साहेबांनी बोलावलं. “ही वाट कुणाला विचारून केलीस?”

“मी नाही केली साहेब, त्यांनीच केली. मी नुसत्या विटा लावल्या.”

“लोकांची एवढी हौस आहे ना तुला? मग अशा ठिकाणी टाकतो, जिथे एक पाऊल पडणार नाही.”

आणि त्याला सर्कल मिळालं. हा पठ्ठ्या खूश! दोन खोल्यांत नऊ माणसं अशा घरात वाढलेला. न्हाणीघराच्या दारात याचं अंथरूण. जो उठेल तो याच्या पोटावर पाय देऊन जाणार. मोठा झाला, आईवडील गेले, भाऊ-वहिनीच्या घरात राहिला, तरी अंथरूण दारातच. त्याला एकदम चव्वेचाळीस पावलं रुंदीची जागा मिळाली, तीही एकट्याला. त्याने तिथे घरच मांडलं. भिंती नाहीत, पण खोल्या पक्क्या. एकदा लाल बावटा दाखवून पोलिसाने बस थांबवली होती, तेव्हा खिडकीतून मी विचारलं, तर हात करून दाखवायला लागला. “हा हॉल. हे स्वयंपाकघर, इथे डबा खातो. ती कर्दळ आहे ना, ती माडी.”

“आणि तो चाफा?”

“चाफ्यामागे मी राग आला की जाऊन बसतो.”

“एकट्याने कुणाशी भांडता हो?”

“कुणाशी नाही. पण खोली असावी.”

आता ड्रायव्हरताई. बारा नंबरवरची पहिली बाई ड्रायव्हर. वय एक्कावन्न, अंगाने भरलेली, हसली की सीटच्या स्प्रिंगासुद्धा तिच्याबरोबर हसतात. नवरा वारून वीस वर्षं झाली, लेक लांबच्या शहरात नोकरीला. स्टेशनपासून इस्पितळापर्यंत जायचं आणि परत यायचं, दिवसात बारा वेळा सर्कलला वळसा. ड्रायव्हर उजव्या हाताला बसतो, म्हणजे कठड्याला लागून. बस सर्कलवर वळली की तिची खिडकी आणि बेटकरचं डोकं यांत दीड हाताचं अंतर, आणि ते टिकतं सात सेकंद. मी घड्याळ लावलंय. पुढे बस निघून जाते.

त्या सात सेकंदांत माणसाला एक वाक्य बोलता येतं. उत्तराला परतीची फेरी.

“अहो, ते फूल कसलं?” तिने जाताना विचारलं.

परतताना हा: “कुठलं?”

पुन्हा जाताना: “लाल!”

परतताना: “लाल तीन आहेत!”

तेवढ्यात दोन वाजले, टँकर आला. फुलाचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं आणि बसमधल्या सतरा माणसांनी हुश्श केलं. अकरा वर्षांत दोघांचं जेवढं बोलणं झालं तेवढं माझी बहीण एका दुपारी बोलते. पण एक शब्द वाया गेला नाही. सात सेकंदांत कुणी उगाच “आणि मग काय म्हणताय” असं घोळवत बसत नाही. मी तर म्हणते, घराघरांत हाच नियम लावावा.

पहिली तीन वर्षं तो तिला ‘ताई’ म्हणत असे. मग एका बुधवारी ‘ताई’ गळलं आणि नुसतं “अहो” आलं. रोजच्या नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे.

त्याच आठवड्यात त्याने मेंदीचं कुंपण कापलं. सगळीकडे पुरुषभर उंच, आणि दोनच ठिकाणी कमरेएवढं: जाताना बारा नंबर वळते तिथे आणि येताना वळते तिथे. दुकानदारांना आतलं काही दिसू नये, रिक्षावाल्यांना दिसू नये, बसच्या उजव्या खिडकीला मात्र दिसावं. खात्याच्या माणसांना ते वाऱ्यासाठी वाटलं. वाऱ्यासाठी!

आता तुम्ही म्हणाल, बाई, दोन वाजल्यानंतर हा मोकळा होता, सुट्टीच्या दिवशी तीही मोकळी होती. बाहेर भेटायला काय धाड भरली होती? मीही हेच म्हणत होते. भेटलेत ते. बसचा संप होता त्या दिवशी हा धुतलेला शर्ट घालून डेपोवर गेला. दोघं चहाच्या रांगेत दहा मिनिटं शेजारी उभे. “बरं आहे ना?” “बरं आहे.” “तुमचं बरं?” “बरं.” मग पुन्हा “बरं आहे ना?” तिसऱ्यांदा तेच झाल्यावर दोघंही चहा न घेता पळाले. तिनेच मला सांगितलं. “आजी, तो तसा उभाच होता हो, हलेचना! आणि मीही हलेना. मला वाटलं, हा कोण माणूस?” त्यांची ओळख झाली ती चाकावर. जमिनीवर दोघं परके.

आणि मग सोमवारी तिपाई लावून इंजिनिअर आला. सर्कल काढणार, सिग्नल बसवणार, रस्ते सरळ करणार. शनिवारी सकाळी खोदायचं यंत्र येणार. बेटकरची बदली शहराबाहेरच्या रोपवाटिकेत, जिथे एकही बस जात नाही. अख्ख्या बसला हिशोब कळला: शुक्रवार दुपार शेवटची. त्याला काही बोलायचं असेल तर तोवर. नंतर ती त्या चौकातून सरळ निघून जाईल आणि मध्ये कुणी नसेल.

मंगळवारी तो कठड्याशी आला आणि म्हणाला, “मी काय म्हणत होतो—” सात सेकंद संपले.

परतीच्या फेरीत: “म्हणजे असं की, तसं घाईचं नाही—” संपले.

“घाईचं आहे!” मी खिडकीतून ओरडले. “छोटं करा!”

बुधवारी मी बस सुटण्यापूर्वी ड्रायव्हरताईलाच धरलं. “तू विचारून टाक ना. कसली वाट बघतेयस?”

ती आरसा पुसत होती. “आजी, अकरा वर्षं पहिलं वाक्य मीच बोलतेय. फूल कसलं, पाऊस येईल का, डबा खाल्लात का. हे एक तरी त्याने आधी बोलावं. नाही बोलला तर नाही. मी नाही बोलणार.” हसली नाही. स्प्रिंगा गप्प होत्या. तेव्हा मला कळलं, ही गंमत नाही.

गुरुवारी बेटकरने वाक्य तयार केलं. पाठ केलं, सात सेकंदांत बसवलं. डोळे उघडे ठेवून ते म्हणता येईना म्हणून मिटून म्हणायचं ठरवलं. बारा नंबरचा आवाज आला, डोळे मिटले, आणि खडखडीत आवाजात म्हणाला, “माझ्याशी लग्न कराल का, नीट विचार करून सांगा!”

आमच्या बसचा त्या सकाळी गिअर अडकला होता. डेपोने गाडी बदलली, ड्रायव्हर बदलला. खिडकीत होता मिशा. सगळा डेपो त्याला मिशा म्हणतो, कारण आधी त्या येतात आणि मागून तो. मिशाने सात सेकंद बेटकरकडे पाहिलं. मी मागच्या सीटवर कपाळाला हात लावून बसले. बेटकरने डोळे उघडले तेव्हा बस निघून गेली होती. तो समाधानाने घाम पुसत होता, हे मी वळून पाहिलं. अहो, समाधानाने!

परतीच्या फेरीत काय झालं ते कंडक्टरने सांगितलं. मिशाने वेग कमी केला आणि खिडकीतून शांतपणे म्हणाला, “घरी बायकोला विचारून सांगतो.”

बेटकर सरळ चाफ्यामागे गेला. टँकर येईपर्यंत बाहेर आला नाही.

मिशाच्या पोटात काही राहत नाही. बारा वाजेपर्यंत डेपोत झाडूवालीपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत. ड्रायव्हरताईलाही. शुक्रवारी सकाळी नऊ पन्नासला ती गाडीत चढली तेव्हा कान लाल होते. “काय सांगावं,” ती मला म्हणाली, “मिशाच आवडत असतील त्याला.”

पहिल्या वळशाला कठड्याशी कुणी नाही. कमरेएवढ्या मेंदीवरून आतलं सगळं दिसत होतं: हॉल, स्वयंपाकघर, माडी. माणूस नाही. चाफ्यामागून फक्त एक चप्पल दिसत होती. इस्पितळाच्या रस्त्याला वळायची जागा आली, आणि ड्रायव्हरताईने स्टिअरिंग डावीकडे वळवलंच नाही. बस सर्कललाच चिकटून राहिली. स्टेशनचा रस्ता पुन्हा आला, गेला.

“ताई, वळण गेलं!” नवा कंडक्टर उठून उभा राहिला. पंधरा दिवस झाले नव्हते त्याला. “मार्ग सोडून जाता येत नाही!”

“मार्ग कुठे सोडलाय? सर्कल मार्गात आहे की नाही?”

“आहे, पण—”

“किती वेळा घ्यायचं, लिहिलंय कुठे? दाखव.”

त्याने खरोखर पुस्तिका काढली. दुसरी फेरी. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “बेटकर! बाहेर या!”

तिसऱ्या फेरीला चाफ्यामागून उत्तर आलं: “मी नाहीये!”

सगळी बस खिदळली. नर्सबाई हसून हसून दांड्याला लटकल्या. मागच्या बाकावर एक कारकून होता, तो रागाने उठला. “मला साडेदहाला सही करायची आहे! हा काय पाळणा आहे?”

“बसा हो,” मी म्हटलं, “पाळण्याला तिकीट जास्त असतं.”

चौथ्या फेरीला ड्रायव्हरताई: “मिशाच्या बायकोने हो म्हटलंय!”

ते लागलं. पाचव्या फेरीला मेंदीतून डोकं वर आलं, केसांत पानं, चेहरा टोमॅटोसारखा. “ते चुकून झालं! ते त्याला नव्हतं!”

आता चौकातला हवालदार शिट्टी फुंकत पळत आला. कंडक्टरने दारातून वाकून त्याला काहीतरी सांगितलं. पुढच्या वळशाला पाहतो तर हवालदाराने बाकीचे तीन रस्ते अडवले होते आणि एका स्कूटरवाल्याला सांगत होता, “थांब रे, जरा महत्त्वाचं चाललंय.” रस्ता आमचा एकट्यांचा. बस झुकली, आम्ही सगळे डावीकडे कलंडलो. माझी पिशवी सीटवरून घसरली, पत्त्यांचा जोड सांडला आणि चौकटची राणी कारकुनाच्या बुटाखाली गेली. मला पोटातून गुदगुल्या व्हायला लागल्या. ते वळण्यामुळे की कशामुळे, देव जाणे. या वयात मी शेवटची अशी कधी हसले होते, आठवत नाही.

सहाव्या फेरीला ती नुसती बघत गेली. त्यानेही तोंड उघडलं आणि मिटलं.

“अहो बोला की!” कारकून खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. “माझा लेटमार्क वाया घालवू नका!”

सातव्या फेरीला त्याने स्टूल कठड्याशी आणून ठेवलं होतं आणि त्यावर उभा होता. आता तो खिडकीच्या बरोबरीला आला. तिच्याएवढाच उंच. डोळे उघडे, चांगले टक्क उघडे. आणि बस जवळ येताच, हळू आवाजात, पण सगळ्या बसला ऐकू जाईल असं:

“माझ्याशी लग्न कराल का?”

तीन सेकंदांत झालं. उरलेल्या चार सेकंदांचं काय करायचं ते कुणालाच कळेना. तो तसाच उभा, ती तशीच बसलेली. अकरा वर्षांत त्यांना वेळ कधी उरलाच नव्हता.

तिने ब्रेक दाबला.

सर्कलवर बस थांबवायला सक्त मनाई आहे. पाटी आहे तशी. बस थांबली, एंजिन घुरघुरत राहिलं. मला वाटलं, झालं, आता “बरं आहे ना” सुरू होणार. पाय जमिनीवर टेकले की या दोघांचं संपतं. पण तिने ड्रायव्हरचं दार उघडलं, जे कठड्याच्या बाजूला आहे आणि कधी कुणी उघडत नाही, आणि हात पुढे केला. “या आत. उभ्या गाडीत मला बोलता येत नाही.”

त्याने एक पाय कठड्यावर टाकला, विजार लोखंडात अडकली, फाटली, आणि तो मांजरासारखा चार पायांवर तिच्या केबिनमध्ये आला. दार लागलं. बस सुटली. पहिला गिअर, दुसरा गिअर, आणि समोर रस्त्याकडे बघत, आरशातसुद्धा त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, “हो. करेन. धरा तो दांडा, पडाल.”

काय आवाज झाला बसमध्ये! कारकुनाने आपली डब्याची पिशवी वर उडवली आणि ती नर्सबाईंच्या डोक्यावर आली. नर्सबाईंनी त्याला शिवी दिली आणि मिठी मारली, याच क्रमाने. हवालदार रस्त्यात उभा राहून सलाम ठोकत होता. आणि ती? ती रडत नव्हती, हसत होती, एवढी की सीट, स्प्रिंगा, गिअरचा दांडा, सगळं हलत होतं.

बेटकर दांड्याला धरून डोलत होता. पडला नाही, पण थोडंच बाकी होतं. गोल फिरणाऱ्या गाड्या त्याने अकरा वर्षं बघितल्या. स्वतः कधी फिरला नव्हता. डोळे गरगरा. मी माझी सीट दिली, अर्धीच, आणि हाताने ओढून खाली बसवलं.

कंडक्टर पुढे आला. तिकिटाचं यंत्र हातात, चेहरा अगतिक. “काका, कुठून बसलात ते सांगा. यात फक्त थांब्यांची नावं येतात. तुम्ही चढलात ती जागा यात नाहीच.”

“मग काय करतोस?” ड्रायव्हरताई म्हणाली.

“स्टेशनपासून धरतो,” तो म्हणाला, आणि खिशातून स्वतःच पैसे काढले. पोरगं वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं.

बस इस्पितळाच्या रस्त्याला लागली, तेव्हा बेटकर मान वळवून मागच्या काचेतून बघत होता. रस्ता सरळ, मध्ये कठडा, कठड्याच्या आत थोडं हिरवं आणि एक रिकामं स्टूल.

“एवढंसंच आहे?” तो म्हणाला.

“एवढंसंच होतं,” ड्रायव्हरताई पुढूनच म्हणाली. “तुम्हीच मोठं करून ठेवलं होतं. आता बोला काहीतरी. इस्पितळ यायला अजून दहा मिनिटं आहेत.”

दहा मिनिटं! त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने घसा खाकरला, माझ्याकडे बघितलं, फाटलेल्या विजारीकडे बघितलं, आणि सुरुवात केली. मी कान टवकारले होते, पण खरं सांगते, काय बोलला ते ऐकलं नाही. मी बाकाखाली वाकून माझी चौकटची राणी शोधत होते.